संगणकाच्या काळातील रोजमेळ

हिशोबाची साधने बदलणे ही गोष्ट मराठवाड्यातील व्यापारी घराण्यांना नवी नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात नांदेड आणि लातूर येथील दुकानांत दोन चलने शेजारी शेजारी नांदत असत. एक निजामाचा हाली शिक्का आणि दुसरा ब्रिटिश हिंदुस्थानातील कलदार. संस्थान भारतात आल्यानंतर ७ हाली म्हणजे ६ कलदार हा दर सरकारी झाला आणि १९५९ पर्यंत हाली व्यवहारातून गेला. त्याच सुमारास, १ एप्रिल १९५७ पासून, रुपयाचे १६ आणे संपून १०० नवे पैसे आले. शेर-मणांच्या जागी किलो आणि क्विंटल आले. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून प्राप्तिकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि दिवाळी ते दिवाळी चालणारे हिशोबाचे वर्ष केवळ पूजेपुरते उरले.

या प्रत्येक बदलाच्या वेळी मोंढ्यातील वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि प्रत्येक वेळी वर्ष-दोन वर्षांत नवी रीत अंगवळणी पडली. त्याचे कारण असे की, चलन, माप आणि वर्ष बदलले तरी रोजमेळ घरातीलच कोणी लिहीत होता. आरंभीची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचे नावे आणि अखेरची शिल्लक मांडल्यावर गल्ल्यातील रोकड मोजली जाई. मेळ बसेपर्यंत दुकानातील दिवा मालवत नसत. संगणकाने केलेला बदल या आधीच्या बदलांहून वेगळा आहे तो येथेच. या वेळी प्रथमच लेखणी घरातील माणसाच्या हातून सुटली.

लातूरची गंजगोलाई १९१७ मध्ये नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती दुकानांचे वर्तुळ आणि त्यातून बाहेर पडणारे १६ रस्ते, अशी तिची रचना आहे. पूर्वी या रस्त्यांनी मालाबरोबर बातमीही येत असे. कोणत्या गावी पाऊस झाला, कोणत्या पेठेत तुरीला काय भाव फुटला, हे गाडीवान, दलाल आणि तारवाला सांगत. तार नसेल तेव्हा ट्रंक कॉल लावून तासन्‌तास थांबावे लागे. आज औसा किंवा रेणापूर तालुक्यातील शेतकरी बाजारात येण्यापूर्वीच इंदूरचा आणि लातूरचा सोयाबीनचा भाव हातातील फोनवर पाहून निघतो. राष्ट्रीय कृषी बाजार अर्थात ई-नामची सुरुवात १४ एप्रिल २०१६ रोजी झाली, पण त्याच्याही आधी फोनने हे काम बरेचसे केले होते. मोकळेपणाने मान्य करावयाचे तर व्यापाऱ्याच्या नफ्याचा एक भाग ‘भाव आपल्याला आधी कळतो’ यावर उभा होता. तो भाग आता उरलेला नाही. हे शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगले झाले, आणि ज्या दुकानदाराने गिऱ्हाईक भावाच्या अज्ञानावर नव्हे तर वागणुकीवर जोडले होते, त्याचेही काही बिघडले नाही.

बँकेच्या दालनातही हेच स्थित्यंतर घडले, आणि ते तेथे आधी घडले. बँक कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात सप्टेंबर १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी संगणकीकरणाची दिशा ठरवून दिली. त्यापूर्वी जाडजूड लेजरमध्ये लिपिक नोंद करी, अधिकारी तिच्यावर बारीक सही करी आणि महिनाअखेरीस खात्यांच्या बेरजा जुळवताना रात्र उलटून जाई. एक पैशाचा फरक राहिला तरी तो शोधल्याशिवाय कोणी उठत नसे. पुढे शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या. मार्च २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी आणि एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. मराठवाड्याची जुनी सोबतीण, १९४१ च्या कायद्याने जन्मलेली आणि सर्वांच्या तोंडी ‘हैदराबाद बँक’ असलेली संस्था १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. खातेदारांचे पैसे एका रात्रीत नव्या नावाखाली गेले आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार सुरू राहिले. लेजरच्या काळात असे काही महिनोन्‌महिने चालले असते.

दुकानाच्या गादीवर संगणक आणला तो प्रामुख्याने टॅलीने. त्याची जन्मकथा व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना यंत्रांचे भाग पुरवीत. आपल्या धंद्याच्या हिशोबाला सोयीचे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून १९८६ मध्ये त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी ते स्वतःच तयार केले. व्यापाऱ्याच्या गरजेतून आणि व्यापाऱ्याच्या घरातच ते घडल्यामुळे मुनीमजींच्या पद्धतीशी त्याचे लवकर जमले. नंतर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि संगणक ही ऐच्छिक बाब राहिली नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून तर ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला इतर व्यापाऱ्यांना दिलेल्या करपात्र मालाचे बीजकही सरकारी संकेतस्थळावर नोंदवून घ्यावे लागते. माल विकणाऱ्याने आपले विवरण भरले नाही, तर घेणाऱ्याचा कराचा परतावा अडकतो. म्हणजे पूर्वी समोरच्याची पत त्याच्या मालावरून आणि वायद्यावरून जोखली जाई. आता त्याचे विवरणपत्र वेळेवर जाते की नाही, हेही पाहावे लागते.

या बदलांत घराघरांत काय घडते, हे लातूरच्या एका आडत दुकानाच्या उदाहरणावरून नीट समजते. या घराण्यातील आप्पा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. बालपणी त्यांनी हाली आणि कलदार दोन्ही हाताळले. दुकान मुलाच्या आणि आता नातवाच्या हाती आहे. नातू वाणिज्य पदवीधर असून संगणकात तरबेज आहे. आप्पा मात्र रात्री जेवणापूर्वी लाल कापडी बांधणीच्या वहीत रोजमेळ लिहितातच. मुलगा दुकानातील दिवसभराची उलाढाल तोंडी सांगतो आणि आप्पा ती टिपून घेतात. घरातील मंडळींना तो वृद्धापकाळचा विरंगुळा वाटे. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जाऊ लागला, तेव्हा कोणी तरी हसून म्हणाले, “आप्पा, आता खरी वही ही. तुमची ती आठवण म्हणून ठेवू.” आप्पांनी दोहोंवर कुंकवाचे बोट ओढले आणि ते काही बोलले नाहीत.

२०१९ च्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातील एक शेतकरी दुकानात आला. मुलीचे लग्न ठरले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या धांदलीत त्याने याच दुकानात सोयाबीन घातले होते. त्या वेळी कोणाकडेच रोकड नव्हती. त्याने काही रक्कम धनादेशाने घेतली आणि बाकीची दुकानातच ठेवली. पेरणीच्या वेळी दोनदा थोडे थोडे पैसे नेले. नंतर दुष्काळामुळे माल आला नाही आणि त्याचे येणेही थांबले. हिशोबपट्टी घरात कोठे तरी गहाळ झाली होती.

“आप्पा, चाळीस हजार तरी राहिले असतील बघा. पक्कं ध्यानात नाही,” तो म्हणाला.

नातवाने संगणकावर नाव शोधले. गावाचे नाव घालून पुन्हा शोधले. “आप्पा, या नावाचं खातंच नाही,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. त्याच्याजवळ कागद नव्हता आणि दुकानाच्या पडद्यावर त्याचे नाव नव्हते. त्या क्षणी दुकानाने ‘आमच्याकडे काही नाही’ असे म्हटले असते, तर जगातील कोणतेही न्यायालय त्याला फारशी मदत करू शकले नसते. आप्पांनी नातवाला वरच्या माळ्यावरून नोटाबंदीच्या वर्षाची, कार्तिकात सुरू झालेली वही काढावयास सांगितली. पाने उलटली गेली. मालाची रक्कम, धनादेश, वैशाखातील उचल आणि मृगाच्या आधीची उचल अशा सर्व नोंदी तेथे होत्या. आप्पांनी बोटाने ओळ धरून वाचले, “चाळीस नव्हे. सेहेचाळीस हजार तीनशे पन्नास.” शेतकरी थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग तसंच असंल.” त्याच दिवशी पूर्ण रक्कम त्याच्या बँक खात्यात गेली.

इतकी कथा ऐकून कोणीही सहज निष्कर्ष काढील की, वही खरी आणि संगणक खोटा. परंतु त्या रात्री नातवाने जे शोधून काढले, ते त्याहून महत्त्वाचे होते. जुन्या संगणकातील जुन्या नोंदींत त्या शेतकऱ्याचे खाते व्यवस्थित होते, आणि रक्कमही तीच, ४६,३५० रुपये होती. जुलै २०१७ मध्ये नव्या कराच्या घाईत नवे पुस्तक उघडताना ज्यांचा व्यवहार चालू होता, तेवढीच खाती पुढे ओढली गेली. बंद वाटणारी खाती मागे राहिली. आणि संगणक त्याबद्दल गप्प बसला नव्हता. ताळेबंदाच्या पडद्यावर ‘आरंभीच्या शिल्लकांतील फरक’ अशी एक ओळ तो पहिल्या दिवसापासून दाखवीत होता. वर्षअखेरीस ती रक्कम कोणी तरी उचंत खात्यात टाकली, आणि ओळ दिसेनाशी झाली. त्या उचंत रकमेत आणखी चार शेतकऱ्यांच्या ठेवी निघाल्या. त्यांपैकी एक हयात नव्हता. त्याच्या पत्नीला शोधून निरोप धाडण्यात आला. पुढील पंधरवड्यात चौघांचे पैसे पोचते झाले.

या घटनेला व्यापारनीतीचा जो अर्थ आहे, तो समाजातील अनेकांना लहानपणापासून पाठशाळेत ऐकून ठाऊक असेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार हा एक आहे. टीकाकारांनी त्याचा अर्थ मोठ्या बारकाईने केला आहे. ठेव ठेवणारा मनुष्य रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तेव्हा ‘हो, एवढीच’ असे म्हणून कमी देणे हा न्यासापहार होय. त्यात चोरी दिसत नाही. मागितलेले दिलेच आहे. तरीही तो दोष मानला आहे. लातूरच्या त्या दुकानात चाळीस हजार देऊन सर्वांचे समाधान झाले असते. सहा हजार तीनशे पन्नास रुपयांचा प्रश्न केवळ दुकानदारालाच दिसत होता, आणि तोही त्याने वही उघडली म्हणून.

त्याच यादीतील इतर नावेही आजच्या काळात आश्चर्यकारक रीतीने जवळची वाटतात. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे. साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याच्या हावभावांवरून त्याच्या मनातील हेतू ताडून तो उघड करणे. मनुष्य कोणत्या वस्तूकडे किती वेळ पाहतो, कोणत्या वेळी काय विकत घेतो, यावरून त्याचे मन ओळखून ती माहिती जाहिरातदाराला विकणारी यंत्रणा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापांचा उल्लेख आहे, तसाच प्रतिरूपक व्यवहाराचा, म्हणजे अस्सलासारखी दिसणारी नक्कल अस्सल म्हणून खपविण्याचाही आहे. पैसे पाठविल्याचे बनावट चित्र दाखवून माल नेणारा आणि नातेवाइकाचा हुबेहूब आवाज यंत्राकडून काढून पैसे मागणारा, दोघेही याच सदरात बसतात. साधने नवी आली तरी दोषांची नावे नव्याने शोधावी लागलेली नाहीत.

आप्पांची धाकटी बहीण नांदेडला दिली आहे. वजिराबाद भागात तिचे कापडाचे दुकान असून यजमानांच्या निधनानंतर तीच ते चालविते. लातूरच्या घरातील मुले तिला नांदेडची आत्याआजी म्हणतात. तिच्या दुकानाच्या काचेवर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड चिकटविलेला आहे. ही चिन्हपद्धती जपानमध्ये १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाली. ती वजिराबादेतील ब्लाउजपिसाच्या पैशांसाठी वापरली जाईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. यजमान असताना बँकेत जाणे, धनादेश लिहिणे आणि घाऊक व्यापाऱ्याला रक्कम पाठविणे ही पुरुषांची कामे समजली जात. आत्याआजी शाखेची पायरी क्वचितच चढली होती. आता घाऊक व्यापाऱ्याचे पैसे ती दुकानात बसूनच पाठविते. संगणकाने समाजातील स्त्रियांना जे दिले, त्याचे मोल या एका गोष्टीवरून करता येईल.

तिचाही एक नेम आहे. पैसे आल्याचे बोलून सांगणारी डबी गल्ल्याजवळ असली तरी, प्रत्येक डिजिटल विक्री ती शालेय वहीत लिहिते आणि रात्री बँकेच्या नोंदींशी ताडून पाहते. एकदा गर्दीच्या वेळी एका गिऱ्हाइकाने फोनवरील ‘यशस्वी’ असे हिरवे चित्र दाखवून दोन साड्या नेल्या. डबी बोलली नव्हती, पण गोंगाटात ते ध्यानी आले नाही. रात्री मेळ बसेना, तेव्हा चूक सापडली. पैसे परत मिळाले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून चित्र पाहून माल देणे बंद झाले. मेळ रोजचा नसता तर असे किती ‘हिरवे चित्र’ खपून गेले असते, हे सांगता येत नाही.

पुढे एका दुपारी तिला व्हिडिओ कॉल आला. गणवेशातील एक मनुष्य म्हणाला की, तिच्या नावाचे पार्सल पकडले गेले असून तिला ‘डिजिटल अटक’ झाली आहे. फोन ठेवावयाचा नाही आणि कोणाला सांगावयाचे नाही. आत्याआजीने शांतपणे विचारले, “दुकानाचा पत्ता आहे ना तुमच्याकडं? मग कागद पाठवा. मी गिऱ्हाईक सोडून बसू शकत नाही.” आणि फोन बंद केला. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची तरतूदच नाही. अशा प्रसंगी, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे वेळेला फार महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि खातेदाराचीही नाही अशा फसवणुकीची सूचना बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली, तर खातेदारावर भार पडत नाही. पण खातेदाराने स्वतःच गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणजे येथेही प्रश्न तोच आहे. आपल्या खात्यात आज काय लिहिले गेले, हे आजच पाहिले की नाही?

ज्यांनी पाहिले नाही, किंवा पाहूनही लपविले, त्यांची उदाहरणे महाराष्ट्रात ताजी आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. एटीएमला ‘पैसे द्या’ अशी मंजुरी देणारी बनावट यंत्रणा त्यांनी मध्येच उभी केली आणि अनेक देशांतून पैसे काढले. तेथे यंत्राला फसविण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण याहून क्लेशदायक आहे. एका बांधकाम समूहाला दिलेली थकीत कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखविली गेल्याचे तपासात पुढे आले. तेथे संगणकाला कोणी बाहेरून फसविले नव्हते. त्याला आतूनच खोटे सांगण्यात आले आणि त्याने ते बिनतक्रार, सुवाच्य अक्षरांत, बेरजेसह दाखविले. हजारो ठेवीदारांची म्हातारपणाची पुंजी अडकली. जुन्या काळी इतकी खोटी खाती हाताने लिहावयाची म्हटले असते, तर लिहिणारे थकले असते आणि कोणी तरी बोलून गेले असते.

कायद्याने हा धोका फार पूर्वीच ओळखला होता. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार व्यापाराच्या ओघात नियमित लिहिलेल्या वह्या न्यायालयात विचारात घेतल्या जात. परंतु केवळ वहीत लिहिले आहे एवढ्याच आधारावर कोणावर देणे लादता येत नसे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या तरतुदीत संगणकीय वह्यांचाही समावेश केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच तत्त्व कायम आहे. लाल कापडाची वही असो की संगणकाचा पडदा, कायद्याच्या नजरेत दोघांची योग्यता सारखीच. नोंदीला माणसाचा आणि व्यवहाराचा आधार लागतो.

म्हणूनच कागदाचे गोडवे गाणेही योग्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडामातीच्या भिंतींखाली माणसांबरोबर सातबारे, पासबुके आणि दुकानांच्या वह्याही गाडल्या गेल्या. ज्या नोंदीची प्रत दुसऱ्या गावी होती, तीच उपयोगी पडण्यासारखी होती. आज तीच नोंद एकाच वेळी तीन ठिकाणी सुरक्षित ठेवता येते. त्यासाठी वाळवी, पाणी किंवा आग यांची भीती बाळगावी लागत नाही. आप्पांची वही माळ्यावर टिकली, हा त्यांच्या काळजीचा भाग होता तसा काही अंशी दैवाचाही होता.

पतीचे मोजमापही बदलले आहे. पूर्वी कर्ज मागावयास आलेल्या व्यापाऱ्याला बँकेचा अधिकारी घराण्यावरून, मोंढ्यातील बोलीवरून आणि वायदा पाळण्याच्या ख्यातीवरून ओळखी. त्यात चांगल्या माणसाला न्याय मिळे. पण ज्याची ओळख नव्हती, त्याला दारातूनच परत जावे लागे. आता सिबिलसारख्या संस्थांचा अंक पडद्यावर येतो. ज्याला कोणी ओळखत नाही, अशा भाजीविक्रेत्यालाही त्याच्या रोजच्या यूपीआय नोंदी दाखवून कर्ज मिळू शकते. दुसऱ्या बाजूला, चुकून राहिलेल्या एखाद्या क्रेडिट कार्डाच्या बाकीने मोठ्या घराण्याचाही अंक घसरतो आणि तेव्हा आजोबांची ख्याती कामी येत नाही. हा अंकही एक प्रकारची वहीच आहे, केवळ ती दुसरा कोणी तरी लिहितो. वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागवता येतो आणि त्यातील चूक दुरुस्त करून घेता येते. ज्या घरात हा अहवाल आजवर कोणी पाहिलेला नाही, त्या घराची पत कोणी अनोळखी माणूस लिहितो आहे आणि घरातील कोणी ती वाचत नाही, असे म्हणावे लागेल.

आता तर नोंद करण्याचेही काम यंत्र स्वतःहून करू लागले आहे. बीजकाचे छायाचित्र दाखविले की कृत्रिम बुद्धिमत्ता खाते, रक्कम आणि कर ओळखून नोंद तयार करते. वेळ वाचतो आणि तो वाचवावाच. पण एक गोष्ट घटते. हाताने लिहिताना ‘ही रक्कम इतकी कशी?’ अशी जी शंका क्षणभर मनात येई, ती येण्याची संधीच उरत नाही. मुनीमजींचे खरे मोल त्यांच्या अक्षरात नव्हते. ते लिहिता लिहिता थांबत आणि शेठजींना विचारत, त्यात ते होते. यंत्र हवे, पण दिवसातून एकदा थांबून विचारणारा माणूसही घरात हवा.

लातूरच्या त्या घराने २०१९ नंतर काही साध्या गोष्टी ठरविल्या. नवे वर्ष किंवा नवे सॉफ्टवेअर सुरू करताना जुन्या यादीतील प्रत्येक नाव नव्या यादीशी ताडायचे, शिल्लक शून्य असली तरी. उचंत खात्यात रक्कम ठेवायची झाल्यास तिच्यासमोर कारण आणि माणसाचे नाव लिहायचे आणि तिमाही संपण्यापूर्वी ते खाते रिकामे करायचे. शेतकऱ्याला दरवर्षी अक्षय तृतीयेपूर्वी त्याच्या शिल्लकेचा निरोप दुकानानेच धाडायचा. त्याच्या विचारण्याची वाट पाहायची नाही. नोंदींची एक प्रत दुकानाबाहेर ठेवायची. बँकेचा गुप्त क्रमांक नोकराला सांगायचा नाही, आणि पैसे पाठविण्याचे काम एकाने व मंजुरीचे काम दुसऱ्याने करायचे. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

आप्पांची दृष्टी आता मंदावली आहे. गेल्या दिवाळीपासून रोजमेळाची वही नातसून लिहिते. पडद्यावरील दिवसभराची जमा-नावे ती मोठ्याने वाचते, आप्पा ऐकतात आणि अधूनमधून विचारतात, “हे कुणाचं? कशाचं?” उत्तर देता आले तर ती पुढची ओळ वाचते. देता आले नाही, तर त्या नोंदीसमोर पेन्सिलीने खूण होते आणि सकाळी दुकान उघडताच पहिला फोन त्या खुणेसाठी जातो.